मंदिरात हरवलेला ग्रंथ

(वाचावे : २ राजे २२, २३.१-३)

योशीया राजाच्या कारकीर्दीच्या १८ व्या वर्षी यरुशलेमेतील मंदिराची डागडुजी चालली असता हिल्कीया याजकास नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. प्रिय वाचकहो, तो देवाच्या घरातच पडून होता! मंदिर होते, याजक होते. वचन मात्र कोणाच्या कानी पडत नव्हते. शाफान चिटणीसाने ते वाचून दाखविताच राजाने आपली वस्त्रे फाडिली, व हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसे पाठवून परमेश्वराचे म्हणणे विचारिले. ऐकणारा हा राजा अवघा २६ वर्षांचा होता, हे आमच्या वडील मंडळींनी ध्यानात घ्यावे. पुढे त्याने लहानथोर सर्वांस जमवून तो ग्रंथ वाचून दाखविला. ज्यास वाचता येत नाही त्यासही ऐकता येते.

केडगावच्या पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरविण्यात वेचिली. त्या १९२२ साली प्रभूकडे गेल्या; ते शास्त्र १९२४ साली छापून निघाले. इतक्या कष्टाने मिळालेले वतन आम्ही फडक्यात बांधून फळीवर ठेविले, तर हिल्कीयाच्या मंदिराहून आमचे घर निराळे कसे? उपदेशक बंधूंनी या आठवड्यात घरोघरी दिवेलागणीस एक अध्याय मोठ्याने वाचवून घ्यावा. वाचन संपताच बोध करू लागू नये. मंडळीस थोडा वेळ निवांत बसू द्यावे.