मधमाशीला औषध नको, सांभाळ हवा



उसाला मधमाशी लागत नाही. लागण कांड्यांची, आणि तोड तुऱ्याच्या आधी. पण उसाच्या जोडीला सूर्यफूल, तीळ किंवा कांद्याचे बी घेतले, की दाणा भरतो तो माशीच्या जिवावर. इस्लापूर भागात तर किनवटचे रान जवळ. पळस, जांभळाचा फुलोरा आयता मिळतो.

पेटी ठेवणारे आम्हाला पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, रोगावर औषध कोणतं?" पेटीत औषध घालूच नये, असे आमचे मत आहे. १९९१-९२ साली दक्षिण भारतात सातेरी माशीवर थाई सॅकब्रूड रोग आला आणि हजारो पेट्या रिकाम्या झाल्या. अळी पाणी भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. हा विषाणूचा रोग. टेट्रासायक्लिन त्यावर चालत नाही, उलट मधात उतरते. ज्या वसाहती तगल्या त्यांच्याच राण्यांपासून पुढची वाढ करणे, हाच उपाय टिकला. म्हणून लांबून स्वस्तातली पेटी आणण्यापेक्षा आपल्याच रानातली सातेरी बरी. व्हरोआ कोळी युरोपीय माशीला बेजार करतो. सातेरी मात्र तो अंगावरून वेचून काढते, आणि तो वाढतो बहुतेक नरांच्याच घरात.

मेणकिडा हा दुबळ्या वसाहतीचा पाहुणा. जुनी काळी पोळी काढा, तळपाट आठवड्याला झाडा, माश्यांनी न झाकलेली पोळी आत ठेवू नका. स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. आपल्याकडचा उन्हाळा कडक, म्हणून सावली, वरून ओले पोते आणि जवळ पाणी. त्यात खडे टाका, नाहीतर माश्या बुडतात.

मध सगळा काढू नये. पावसाळ्यात फूल नसते, तेव्हा तिला तिचाच मध पुरला पाहिजे. अगदीच उपासमार झाली तर साखरेचा पाक द्यावा (आम्ही कारखान्याचे म्हणून सांगत नाही!). गूळ किंवा मळी मात्र कधीच देऊ नका, हगवण लागते.

सगळ्यात जास्त माश्या मरतात त्या फवाऱ्याने. एन्डोसल्फानवर २०११ साली बंदी आली, पण बाकीची औषधे आहेतच. फुलोऱ्यात फवारू नये. गरजच पडली तर सूर्य मावळल्यावर फवारावे, आणि शेजारच्या पेटीवाल्याला आदल्या दिवशी निरोप द्यावा, म्हणजे तो रात्रीतून पेटी हलवील.