भाताचे तूस व रंगीत सांडपाणी
(इयत्ता ७ वी, सामान्य विज्ञान : पूरक पाठ)

डहाणू व तलासरी तालुक्यांत भाताची भरडणी सुरू झाली की गिरण्यांच्या आवारात तुसाचे ढीग लागतात. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते. त्यास टाकाऊ म्हणण्याची घाई करू नये. वीटभट्टीवर ते कसे जळते, हे तेथे कामास जाणाऱ्या कुटुंबांतील मुले शिक्षकांहून अधिक जाणतात.

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला असून तेथे अतिप्रदूषक उद्योगांस मनाई आहे. परंतु शेजारच्या पालघर तालुक्यात, तारापूर येथे, कापडाचे व रसायनांचे कारखाने आहेत. कापड रंगविताना सगळा रंग धाग्यास धरत नाही. उरलेला पाण्याबरोबर जातो. असे पाणी शुद्ध न करता ओढ्यात सोडल्यास सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही व पाणवनस्पतींची वाढ खुंटते.

तुसाच्या पृष्ठभागावर पाण्यात ऋण विद्युत्‌भार असतो. त्यामुळे मिथिलीन ब्लूसारख्या धनभारित रंगांचे कण त्यास चिकटतात. यास अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी आत ओढून घेतो ते शोषण. कण पृष्ठभागालाच धरून राहतात ते अधिशोषण. हा भेद मुलांच्या मनावर नीट ठसवावा. कोळशाचा हा गुण लोवित्स यांनी १७८५ मध्ये रशियात दाखविला. नारळाच्या करवंटीचा कोळसा ८०० ते १,००० अंश सेल्सियसला वाफ देऊन सच्छिद्र केला असता एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे जमिनीएवढा भरतो!

वर्गात करवंटीचा साधा कोळसा बारीक कुटून धुऊन घ्यावा. दोन पेल्यांतील पाण्यात शाईचे सारखेच थेंब टाकावेत. एका पेल्यात दोन चमचे कोळसा घालून तासभर मधूनमधून ढवळावे. नंतर दोन्ही पाणी कापूस घातलेल्या नरसाळ्यातून गाळावे. कोळशाच्या पेल्यातील रंग फिका झालेला दिसेल. तो पूर्ण न गेल्यास प्रयोग फसला असे समजू नये. साध्या कोळशात छिद्रे कमी असतात.

येथे मुले हटकून म्हणतील, “पाणी स्वच्छ झाले.” त्यांस लगेच थांबवावे व ते पाणी कोणासही पिऊ देऊ नये. पाण्यातील क्षार तसेच राहतात, आणि रंगही नाहीसा झालेला नसतो. तो आता कोळशात आहे. कारखान्यातील रंग धरलेले तूस खत म्हणून शेतात घातले तर तोच रंग पावसात पुन्हा सुटू शकतो, आणि उघड्यावर जाळले तर विषारी धूर होतो. म्हणून अशा घातक कचऱ्याची विल्हेवाट अधिकृत केंद्रातच लावावी लागते.