पडद्यावरचे दुकान आणि वहीतला हिशेब

इंटरनेटवर दुकान मांडणे आता अवघड राहिलेले नाही. थोडेफार इंग्रजी वाचता येणारा कोणीही मनुष्य एका रविवारात ते काम उरकू शकतो. अवघड आहे ते पुढचे. त्या दुकानातून माल विकून शेवटी हाती काय उरेल, हे आधी कागदावर काढावे लागते. आपल्या अभ्यासक्रमात परिव्यय लेखाशास्त्र आहे, वस्तू व सेवा करही आहे. परंतु दोन्ही एकाच कागदावर आणण्याचा प्रसंग वर्गात सहसा येत नाही. माझ्यावर तो मावशीमुळे आला. वडगावात तिच्या घरी चार यंत्रमाग आहेत. साड्या व्यापारी घेऊन जातो आणि पैसे तीन महिन्यांनी देतो. सूत मात्र रोखीने आणावे लागते. मधल्या काळात पिग्मी मोडायची, नाही तर सोसायटीचे कर्ज काढायचे, हे वर्षानुवर्षे चालले आहे. तेव्हा "आपणच विकलं तर?" हा तिचा प्रश्न हौसेचा नव्हता.

असे दुकान मांडण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या मोठ्या बाजारात आपली पाटी लावणे. तेथे गिऱ्हाईक आयते मिळते, पण ते बाजाराचे असते, आपले नसते. शिवाय शेजारच्याच पाटीवर तशीच साडी पन्नास रुपयांनी स्वस्त दिसत असते. दुसरा मार्ग तयार दुकान भाड्याने घेण्याचा. शॉपिफाय हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव. त्याची जन्मकथा वाणिज्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. टोबियास ल्युटके याला २००४ साली कॅनडातील ओटावा येथून बर्फावर घसरण्याच्या फळ्या विकायच्या होत्या. बाजारात मिळणारी दुकानाची सॉफ्टवेअरे पसंत पडेनात, म्हणून त्याने स्वतःच एक लिहिले. फळ्या बाजूलाच राहिल्या आणि २००६ पासून ते सॉफ्टवेअरच इतरांना भाड्याने मिळू लागले! तिसरा मार्ग स्वतःच्या जागेत दुकान बांधण्याचा. वर्डप्रेसला जोडायचे वूकॉमर्स २०११ साली आले. ते स्वतः फुकट आहे. मात्र संकेतस्थळाचे नाव आणि सर्व्हरवरची जागा यांचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, आणि काही बिघडले तर दुरुस्त करणारे माणूस घरात असावे लागते. भाड्याचे घर आणि स्वतःचे घर यांत जो फरक, तोच येथे.

प्रत्यक्ष मांडणीत पाच गोष्टी भराव्या लागतात: माल, किंमत, पैसे घेण्याची सोय, पाठवणीचे दर आणि कर. यातला माल भरणे सोपे वाटते, पण वेळ तेथेच जातो. दुकानात गिऱ्हाईक साडी हातात घेऊन उजेडात नेते. पडद्यावर त्याला फक्त फोटो दिसतो. म्हणून फोटो सकाळच्या उन्हाच्या उजेडात, दिवा न लावता काढावा. काठ, पदर आणि अंगाचा पोत यांचे वेगवेगळे फोटो द्यावेत. हा केवळ सजावटीचा भाग नव्हे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत दाखवल्यासारखा माल नसेल तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. फोटोत डाळिंबी दिसलेली साडी हातात विटकरी निघाली, तर जाण्यायेण्याचे भाडे आपल्याच माथी. त्याच नियमांनुसार दुकानदाराचे नाव, पत्ता, माल परतीच्या अटी आणि तक्रार ऐकणाऱ्याचे नाव दुकानावर लिहावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हावे, अशी अट आहे.

वर्णनाच्या बाबतीत आपल्या गावच्या मुलामुलींना एक फायदा आहे, आणि तो आपण फुकट घालवतो असे मला वाटते. मराठी गिऱ्हाईक काठ-पदर विचारते, कानडी गिऱ्हाईक अंचू आणि सेरगू विचारते. बेळगावच्या पेठेतला जुना दुकानदार समोरच्याचा चेहरा पाहून भाषा बदलतो. पडद्याला चेहरा दिसत नाही. म्हणून प्रत्येक साडीचे वर्णन दोन्ही भाषांत, दोन्ही लिप्यांत लिहून ठेवावे. मी तसे बावीस साड्यांचे लिहिले. कानडी मजकूर वर्गातल्या मैत्रिणीने तपासून दिला.

आता कर. सीमेवर राहणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. केवळ मालाची विक्री करणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री कर्नाटकातच होत असेल, तर सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. मावशीची उलाढाल त्याहून बरीच कमी आहे आणि व्यापारी गावातलाच. त्यामुळे तिला नोंदणी कधी लागली नाही. पण करपात्र माल परराज्यात विकायचा म्हटला की उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी आवश्यक ठरते. येथे अंतर मोजत नाहीत, राज्य मोजतात. बिदर राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, तेथे पाठवलेली साडी राज्यांतर्गत. शिनोळी येथून पंधरा-वीस किलोमीटरवर, पण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तेथे पार्सलने गेलेली साडी आंतरराज्य. शिनोळीची तीच बाई वडगावला येऊन, बिलावर पत्ता न लिहिता साडी घेऊन गेली, तर ती विक्री राज्यांतर्गत! साडीवरचा कर दोन्हीकडे ५ टक्केच. राज्यात तो केंद्र आणि राज्य यांच्यात अडीच-अडीच असा विभागला जातो, परराज्यात एकात्मिक कर म्हणून लागतो. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपले राज्य बिनचूक भरले की ही विभागणी ते आपोआप करते.

कम्पोझिशन योजनेत जाऊन सुटका होईल असे काहींना वाटते. परंतु त्या योजनेत परराज्यात विक्रीच करता येत नाही. हस्तकलेच्या आणि हातमागाच्या ठरावीक वस्तूंना नोंदणीतून एका मर्यादेपर्यंत सवलत आहे, पण यंत्रमागाची साडी तीत बसत नाही. मोठ्या बाजारातून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीविना मुभा मिळाली, तीही आपल्याच राज्यात विकण्यापुरती. कोल्हापूर, सांगली, पुणे येथे आपले निम्मे गणगोत असताना केवळ कर्नाटकात विकायचे दुकान मांडणे मावशीला पटण्यासारखे नव्हते.

आता वही उघडू. पुढचे आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपापले घालावेत. साडीचा उत्पादन खर्च ९०० रुपये. व्यापारी ११०० देतो, म्हणजे नफा २००. पडद्यावर तीच साडी करासह १५०० ला लावली. वरवर पाहता चारशे रुपये जास्त. पण १५०० मधले ७१ रुपये कराचे. उरले १४२९, त्यातून ९०० गेले, राहिले ५२९. समजा, दहा साड्या कॅश ऑन डिलिव्हरीने पाठवल्या आणि दोन दारातूनच परत आल्या. वेष्टन २० प्रमाणे २००, कुरियर ९० प्रमाणे ९००, आठ साड्यांची रोख वसुली ४० प्रमाणे ३२०, दोन परतीचे भाडे १८०. एकूण १६००. विकल्या आठच, म्हणून दर साडीमागे २०० खर्च. नफा उरला ३२९. दुकानाचे भाडे महिना २००० आणि महिन्याला वीस साड्या खपल्या, तर आणखी शंभर गेले. राहिले २२९. एवढा खटाटोप करून व्यापाऱ्यापेक्षा एकोणतीस रुपये जास्त! (सुतावर भरलेल्या कराची वजावट नोंदणीनंतर मिळते, ती येथे धरलेली नाही.)

पैसे आगाऊ घेतले तर चित्र सुधारते. पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचे सुमारे २ टक्के आणि त्यावर कर मिळून ३५ रुपये, वेष्टन व कुरियर ११०. खर्च १४५, नफा ३८४. त्यातून भाड्याचे शंभर वजा केले तरी २८४ उरतात. आणि ही रक्कम दोनतीन कामकाजाच्या दिवसांत बँकेत जमा होते. माझ्या मते खरा फायदा किमतीपेक्षा येथे आहे. व्यापाऱ्याच्या उधारीत साडीत अडकलेले ९०० रुपये वर्षातून चारदाच फिरतात आणि आठशे मिळवून देतात. महिन्याला एकदा फिरले तर २८४ च्या हिशेबाने तीन हजारांच्या वर. अर्थात साडीला महिन्याच्या आत गिऱ्हाईक मिळाले तर! ते मिळवणे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आयते येत नाही.

हा कागद मावशीपुढे ठेवला तेव्हा तिने बराच वेळ एकोणतीसच्या आकड्यावर बोट ठेवले होते. मग म्हणाली, "एका मागाचा माल तिकडं टाकू. तीन माग व्यापाऱ्याचेच राहू देत." कॅश ऑन डिलिव्हरी तूर्त ठेवायची नाही, आणि भाड्याच्या दुकानाऐवजी वूकॉमर्स घ्यायचे असे ठरले, बिघाड झाला तर मी आहेच. नोंदणी झाली की व्यापाऱ्याच्या बिलावरही ५ टक्के कर लावावा लागणार. तो नोंदणीकृत असल्याने त्याला वजावट मिळते, हे त्याला समजावून सांगण्याचे काम काकांकडे आहे.

नोंदणीचा अर्ज मागच्या आठवड्यात भरला. धंद्याच्या जागेचा पुरावा म्हणून विजेचे बिल लागते. ते मावशीच्या सासऱ्यांच्या नावावर असल्यामुळे त्यांचे संमतीपत्र जोडावे लागले. त्यांनी ते वाचून घेतले, चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचले, आणि मगच सही केली.