घरच्या राउटरसाठी बॅटरी कशी पारखावी?

व्यापारात मालाइतकेच मोल दिलेल्या शब्दास असते. तो शब्द पाळण्याचे एक साधन आज आपल्या घराच्या भिंतीवर टांगलेले आहे. ते म्हणजे इंटरनेटचा राउटर. बाजाराचे भाव, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, सारे त्यावर अवलंबून. वीज गेली की ही पेटी तत्क्षणी मुकी होते. तिला आधार देणारी बॅटरी कशी निवडावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तांब्याच्या तारेवरील जुन्या दूरध्वनीस 48 व्होल्टचा प्रवाह केंद्रातील बॅटऱ्यांतून तारेवाटेच मिळे. म्हणून घरात अंधार असला तरी तो चालू राही. आजची फायबरची तार काचेची आहे. तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. तेव्हा विजेची तजवीज ज्याची त्यानेच करावयास हवी.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. आम्ही एक छोटी बॅटरी-पेटी घेतली होती. तिच्यावर 10000 मिलिअँपिअर-तास हा आकडा होता. आमच्या दोन पेट्यांना, म्हणजे फायबरची एक व राउटर दुसरा, मिळून सुमारे 20 वॉट लागत. 10 अँपिअर-तासांस 12 व्होल्टने गुणून आम्ही 120 वॉट-तास काढले व सहा तासांची निश्चिंती मानली. एका वळवाच्या संध्याकाळी सहा वाजता वीज गेली. आठ वाजता एक शेतकरी तुरीच्या पैशासाठी आला. त्याची आई रुग्णालयात होती व रात्रीच रक्कम पोचवू, असा आमचा शब्द होता. परंतु बॅटरी साडेसातलाच संपली होती. मोबाइललाही रेंज नव्हती. तो ओट्यावर बसून राहिला. रक्कम पोचली ती मध्यरात्री, वीज आल्यावर. तो एक शब्दही बोलला नाही, हेच आम्हांस अधिक लागले.

चूक दुकानदाराची नव्हे, आमचीच. तो आकडा आतील घटांच्या 3.7 व्होल्टवर मोजलेला असतो. 10 गुणिले 3.7 म्हणजे 37 वॉट-तास; व्होल्ट वाढविताना होणारी सुमारे पाचव्या हिश्श्याची तूट वजा जाता 30 उरतात. 20 वॉटच्या भाराने दीड तास! जन्मभर धान्याच्या वजनातून बारदान वजा केले, पण येथे बारदानासकट वजन धरले.

म्हणून आमच्या बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

1. अडॅप्टरवरील व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार हा कमाल भार होय. पेट्या दोन असल्यास दोन्ही धराव्यात.

2. बॅटरी वॉट-तासांत मोजावी, तूट वजा करावी व भाराने भागावे.

3. व्होल्ट तंतोतंत जुळावेत. 9 व्होल्टच्या पेटीस 12 दिल्यास ती जळण्याची भीती. अँपिअर मात्र गरजेइतके किंवा अधिक असावेत. पिनेचा आकार व धन-ऋण टोकेही ताडून पाहावीत.

4. घरी इन्व्हर्टर असल्यास प्रथम राउटर त्यावरच लावावा. वीज जाताना तो बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तरच वेगळी पेटी घ्यावी.

5. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी महाग, पण साध्या शिशाच्या बॅटरीपेक्षा पुष्कळ अधिक वेळा भरता येते. आमच्याकडील उन्हाळ्यात कोणतीही बॅटरी पत्र्याखाली किंवा तापलेल्या राउटरवर ठेवू नये.

6. दरवर्षी मृगापूर्वी मेन स्विच बंद करून घड्याळ लावून परीक्षा घ्यावी. निकामी बॅटरी कचऱ्यात टाकू नये. 2022 च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

एक मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. सेवा देणाऱ्याच्या वाटेवरील यंत्राची वीज गेली, तर घरची बॅटरी निरुपयोगी ठरते. म्हणून महत्त्वाचा व्यवहार आभाळ भरून येण्यापूर्वीच उरकावा.

आमच्या नौबाद येथे बहामनी काळातील करेझ, म्हणजे भूमिगत जलवाहिनी आहे. ती खोदणाऱ्यांनी पाण्याची सोय तहान लागण्यापूर्वी केली होती. अंधार पडण्यापूर्वी प्रकाशाचा हिशेब करणे, एवढेच आपणांस करावयाचे आहे. तो शेतकरी आजही आमच्याच दुकानी माल आणतो. त्याचे हे ऋण आम्ही मानतो.