अल्पकालीन सेवायात्रा : कोल्हापूरच्या इतिहासातून एक विचार

अमेरिकेतील चर्चमंडळींमध्ये गेल्या पन्नास-साठ वर्षांत एक नवी प्रथा चांगलीच रुजली आहे. सुटीच्या दिवसांत दहा-पंधरा जणांचा एक गट एखाद्या गरीब देशात जातो. आठदहा दिवस, फार तर दोन-तीन आठवडे तेथे राहतो, शाळेच्या भिंती रंगवतो, एखादे घर बांधतो, मुलांना गाणी शिकवतो, प्रार्थना करतो आणि परत येतो. प्रवासखर्चासाठी ही मंडळी नातेवाइकांना व चर्चच्या सभासदांना पत्रे लिहून वर्गणी जमवतात. अशा प्रवासाला तिकडे ‘शॉर्ट टर्म मिशन’ म्हणतात; आपण त्याला अल्पकालीन सेवायात्रा म्हणू. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा यात्रांना जाणाऱ्या अमेरिकनांची संख्या वर्षाला सुमारे १६ लाख असल्याचा अंदाज दिला आहे.

कोल्हापुरात बसून आपण या विषयाचा विचार का करावा, असा प्रश्न विद्यार्थी मित्रांना पडेल. त्याला दोन कारणे आहेत. परदेशी सेवेसाठी विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून पुढे यावे ही चळवळ ज्या तरुणाने उभी केली, तो याच शहरात जन्मला, हे पहिले कारण. आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी आपणही दरवर्षी एखाद्या खेड्यात जातो, हे दुसरे. थोड्या दिवसांच्या सेवेतून नेमके काय साधते, हा प्रश्न त्यामुळे आपलाही आहे.

वायल्डर कुटुंब आणि कोल्हापूर

रॉयल गोल्ड वायल्डर हे अमेरिकेतील व्हर्माँट राज्याचे. १८४६ साली ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी मंडळाच्या वतीने ते पत्नी एलायझा हिच्यासह भारतात आले. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वीचा हा प्रवास. आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने येण्यास महिनोन्‌महिने लागत. इतक्या कष्टाने येणारा माणूस दहा दिवसांसाठी येत नसे. वायल्डर प्रथम अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे राहिले आणि १८५२ साली कोल्हापूर संस्थानात आले. त्यांनी मराठी आत्मसात केली, शाळा काढल्या, खेडोपाडी हिंडून उपदेश केला. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हाच त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. त्या हेतूशी मतभेद असणाऱ्यांनाही हा माणूस येथे अनेक वर्षे राहिला, येथल्या लोकांना रोज सामोरा गेला, एवढे मान्य करावे लागेल. शहरातील वायल्डर मेमोरियल चर्च या नावाने ती आठवण आजही टिकून आहे.

थोड्या दिवसांच्या भेटीविषयी विचार करताना वायल्डर यांच्या आयुष्यातील एक प्रकरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्पसन हे भारत व सिलोन (आताचे श्रीलंका) येथील केंद्रांची पाहणी करण्यासाठी आले. ही भेट काही महिन्यांची होती, पण तिचे परिणाम दूरगामी झाले. इंग्रजी शिक्षण देणाऱ्या शाळा बंद कराव्यात, जे शिक्षण द्यायचे ते स्थानिक भाषेतून द्यावे आणि उपदेशाला प्राधान्य असावे, असे धोरण ठरले. त्यानुसार अनेक शाळा बंद झाल्या. शाळा हेच लोकांपर्यंत पोचण्याचे साधन आहे, असे मानणाऱ्या वायल्डर यांना हे पटले नाही. त्यांनी १८६१ साली ‘मिशन स्कूल्स इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून आपली बाजू मांडली. मंडळाशी त्यांचे संबंध तुटले. तरीही ते स्वतंत्रपणे कोल्हापुरास परतले, आणि १८७० च्या सुमारास त्यांचे काम प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले.

या वादात सगळे सत्य एकाच बाजूला होते असे मात्र म्हणता येणार नाही. स्थानिक चर्चने आपला कारभार आपणच पाहावा, आपला खर्च आपणच उचलावा आणि आपला प्रसार आपणच करावा, हे तत्त्व आग्रहाने मांडणाऱ्यांत अँडरसन अग्रभागी होते. परदेशी माणसाने कायमचे ठाण मांडून बसू नये, हे त्यांना दिसले. वर्षानुवर्षे राहणाऱ्याला जवळचे दिसते. बाहेरून आलेल्याला कधी कधी एकूण आकृती दिसते. अडचण निर्माण होते ती पाहुण्याची दृष्टी हाच शेवटचा निर्णय ठरतो तेव्हा. शाळा बंद झाल्याचे परिणाम ज्या मुलांना भोगावे लागले, त्यांच्यासमोर उभे राहण्याची वेळ बोस्टनच्या पाहुण्यांवर आली नाही.

माउंट हर्मनचे शिबिर

वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म १८६३ साली कोल्हापुरात झाला आणि त्याचे बालपण येथेच गेले. पुढे कुटुंब अमेरिकेस परतले. प्रिन्स्टन येथे वडिलांनी १८७८ साली मिशनरी कार्याला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले, तर मुलगा तेथल्याच महाविद्यालयातून १८८६ साली पदवीधर झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील माउंट हर्मन येथे सुप्रसिद्ध धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांचे उन्हाळी शिबिर भरले. सुमारे २५० विद्यार्थी आले होते. रॉबर्टची बहीण ग्रेस हिने शंभर तरुण परदेशी कार्यासाठी पुढे यावेत अशी प्रार्थना चालवली होती. चार आठवड्यांच्या शेवटी बरोबर १०० विद्यार्थ्यांनी तसा संकल्प केला. त्यानंतर रॉबर्ट आणि जॉन फोर्मन या दोघांनी वर्षभर अमेरिका व कॅनडातील महाविद्यालये पालथी घातली आणि दोन हजारांवर विद्यार्थ्यांचे संकल्प मिळवले. १८८८ साली ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही संघटना रीतसर स्थापन झाली. तिचे अध्यक्ष जॉन मॉट यांना पुढे १९४६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या चळवळीतून काही दशकांत सुमारे २० हजार तरुण परदेशी गेले. ग्रेस स्वतः याच भागात कामासाठी परत आली. रॉबर्टही १८९२ नंतर काही वर्षे भारतात विद्यार्थ्यांमध्ये काम करीत होता.

या संकल्पाची मुदत काय होती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. ती आयुष्यभराची होती. सही करणाऱ्यांपैकी अनेक जण प्रत्यक्षात गेले नाहीत हे खरे. पण गेले ते राहण्यासाठी गेले. आपल्या शेजारच्या मिरजेत १८८९ साली आलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १९२८ पर्यंत तेथे होते. रुग्णालय उभारून ते थांबले नाहीत. येथल्या तरुणांना त्यांनी वैद्यकाचे शिक्षण दिले. मिरज हे वैद्यकीय उपचारांचे केंद्र म्हणून आज ओळखले जाते, त्याचा पाया या दीर्घ वास्तव्यात आहे.

मात्र त्या चळवळीत घाईचे बीजही होते. याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता सांगायची, हे तिचे घोषवाक्य होते. जगाची लोकसंख्या, कार्यकर्त्यांची संख्या आणि उरलेली वर्षे यांचा हिशेब मांडला जाई. अशा हिशेबात ऐकणारा माणूस हळूहळू आकडा होऊन जातो.

आयुष्यापासून दहा दिवसांपर्यंत

पहिल्या महायुद्धानंतर ही चळवळ ओसरली. ख्रिस्ती म्हणवणारी राष्ट्रे एकमेकांशी इतक्या निर्घृणपणे लढली, ती जगाला काय शिकवणार, असा प्रश्न खुद्द विद्यार्थीच विचारू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती स्वतंत्र झाल्या आणि परदेशी मिशनऱ्यांच्या वास्तव्यावर स्वाभाविकच निर्बंध आले. भारतातही धर्मप्रचारासाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तीला वेगळा व्हिसा लागतो. पर्यटक म्हणून येऊन ते काम करता येत नाही. दुसरीकडे जेट विमानांमुळे महिन्यांचा प्रवास तासांवर आला. १९५७ साली जॉर्ज व्हर्व्हर हा विद्यार्थी दोन मित्रांसह सुटीत मेक्सिकोला गेला आणि त्यातून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था वाढली. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केली. सुटीत सेवा करण्याची रीत येथून फैलावली.

तिचा लाभ कोणाला होतो? १९९८ साली ‘मिच’ या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरास देशाची दाणादाण उडवली. घरे बांधण्यासाठी अमेरिकेतून अनेक गट गेले. होंडुरासमध्येच राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी या कामाचा अभ्यास केला. विमानभाड्यासह सर्व खर्च धरता पाहुण्यांनी बांधलेले एक घर सरासरी ३० हजार डॉलरला पडले. तेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारे २ हजार डॉलरमध्ये बांधत होत्या. म्हणजे एका घराच्या खर्चात पंधरा घरे झाली असती. घर परदेशी पाहुण्यांनी बांधले की गावच्या संस्थेने, याने त्या कुटुंबांच्या जीवनात लक्षणीय फरक पडलेला आढळला नाही. परतलेल्या स्वयंसेवकांनी आमचे जीवन बदलले असे सांगितले खरे. पण त्यांच्या देणग्या व त्यांची राहणी तपासता तो बदल फारसा टिकलेला दिसला नाही.

हे वाचून त्या तरुणांची टिंगल करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. स्वतःची सुटी आणि घाम खर्च करून परक्या माणसाचे घर बांधायला जाणे यात खोटेपणा नाही. उणीव आहे ती यात्रेच्या रचनेत. भाषा येत नसल्यामुळे ज्याच्यासाठी घर बांधायचे त्याच्याशी बोलता येत नाही. बोलता येत नाही म्हणून हाताला दिसेल ते काम काढले जाते. आणि काम संपल्याबरोबर जावयाचे असल्याने त्याच्या बऱ्यावाईटाचा जाब द्यावा लागत नाही. वायल्डर यांच्या शाळेवर नाराज असलेला माणूस त्यांच्या दारात येऊन भांडू शकत होता. दहा दिवसांच्या पाहुण्याशी भांडणार कोण? त्याला हार घालून निरोपच द्यावा लागतो.

आपल्या शिबिरांचा विचार

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तिच्या शिबिरांशी माझा काही वर्षे संबंध आला आहे. एका शिबिराच्या समारोपानंतर गावातील एका वृद्ध बाईने मला विचारले, “फुडच्या साली हीच पोरं येणार, का दुसरी?” दुसरी येतील असे मी सांगितले. “मग पुन्हा पयल्यापासनं सांगाय लागंल,” एवढेच ती म्हणाली. होंडुरासचा अभ्यास मी वाचला तेव्हा मला या वाक्याची आठवण झाली. दोन्हीकडची तक्रार एकच आहे. येणारे बदलतात, आणि सांगणाऱ्याला दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागते.

म्हणून थोड्या दिवसांची सेवा टाकाऊ आहे असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण तिने स्वतःला नीट ओळखावे. सात किंवा दहा दिवसांत आपण गाव बदलू शकत नाही. गाव पाहू शकतो, ऐकू शकतो आणि जो तेथे कायम राहतो त्याच्या हाताखाली काम करू शकतो. जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आपल्याला कोणी बोलावले आहे? आपण निघून आल्यावर हे काम कोण सांभाळणार आहे? आणि आपल्या येण्याजाण्याचा पैसा त्याच्याच हाती दिला असता तर अधिक काम झाले असते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असले तरी जायला हरकत नाही; मात्र मग आपण शिकायला चाललो आहोत असे सरळ म्हणावे आणि शिकवणाऱ्याचा मान गावाला द्यावा.

आपल्या योजनेत दत्तक गावाची कल्पना आहेच. तिला मी एका साध्या नोंदवहीची जोड सुचवीन. कोणत्या गल्लीत पाण्याचा काय प्रश्न आहे, कोणत्या घरातील मुलीची शाळा सुटली आहे, ग्रामपंचायतीने काय कबूल केले आणि त्याचे काय झाले, हे त्या-त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांना विचारून तीत लिहावे आणि पुढच्या तुकडीने गावात पाऊल ठेवण्यापूर्वी ती वाचावी. मुले दरवर्षी बदलणारच. पण निदान त्या म्हातारीला सगळे पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.