भुईमूग : दिसणारे गुण आणि पदरात पडणारे उत्पन्न

भुईमुगाचे फूल जमिनीवर उमलते आणि शेंग मात्र जमिनीखाली धरते. गव्हाची ओंबी उभ्या पिकात पारखता येते. भुईमुगाचे झाड उपटल्याखेरीज त्याने काय दिले ते कळत नाही, आणि उपटल्यावर ते झाड संपलेलेच असते. सुधारित वाण निर्माण करू पाहणाऱ्या संशोधकाची पहिली अडचण ही.

दुसरी अडचण फुलाची. ते स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून संकर करावयाचा तर आदल्या सायंकाळी कळीतील परागकोश चिमट्याने खुडावे लागतात आणि सकाळी दुसऱ्या जनकाचे पराग कुक्षीवर ठेवावे लागतात. पुढे सुटणाऱ्या आऱ्यांवर खूण केली नाही, तर जमिनीतील संकरित शेंग कोणती हे ओळखण्याचा मार्गच उरत नाही.

दक्षिण अमेरिकेतील दोन रानटी जातींच्या संयोगातून हे पीक उद्भवले. त्याच्या पेशीत 40 गुणसूत्रे असून त्यांतील निम्मी एका जातीची व निम्मी दुसरीची आहेत. त्यामुळे पुष्कळ जनुके दुहेरी आढळतात. एक निकामी झाले तरी दुसरे काम भागवते. 1987 मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा येथील संशोधकांनी तेलात सुमारे 80 टक्के ओलेइक आम्ल असलेला भुईमूग नोंदविला. असे तेल लवकर खवट होत नाही. हा गुण दोन अप्रभावी जनुकांवर अवलंबून असल्याने दुसऱ्या पिढीत तो सोळांत एका झाडात प्रकट होतो. मात्र दुसऱ्या जनकात त्यांपैकी एक जनुक आधीच असेल, तर चारांत एक झाड मिळते! जुनागढच्या संशोधनातून पुढे आलेले, 2020 मध्ये प्रसारित झालेले गिरनार 4 व गिरनार 5 हे वाण याच गुणाचे होत.

उत्पन्नाचा हिशेब इतका सरळ नाही. झाडावरील शेंगांची संख्या, दाण्याचे वजन, टरफल काढल्यावर मिळणारा उतारा, या प्रत्येकामागे अनेक जनुके असतात आणि प्रत्येकाचा वाटा अल्प असतो. शिवाय ओळीच्या टोकाच्या झाडाला जागा व ऊन अधिक लाभते. त्याला लगडलेल्या शेंगा पाहून त्याचेच बी राखले, तर पुढल्या वर्षी निराशा पदरी येते. त्या शेंगा जागेने दिलेल्या असतात, बियाण्याने नव्हे. दाण्याचे वजन त्या मानाने अधिक विश्वासाने पुढील पिढीत उतरते. परंतु दाणा मोठा झाला की शेंगांची संख्या बहुधा घटते. म्हणून एकेका झाडावर निर्णय न देता काही पिढ्या पुढे नेऊन, वाणांच्या ओळी निरनिराळ्या वाफ्यांत पुनःपुन्हा पेरून तुलना करणे हेच योग्य, मग त्यात कितीही वर्षे जावोत. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून 1991 मध्ये आलेला टीएजी 24 हा वाण ठेंगणा आहे. त्याचे बळ पाल्यात कमी व शेंगांत अधिक जाते.

आणि वजनकाट्यावर न उतरणारा एक गुण राहिलाच. पसऱ्या भुईमुगाचे ताजे दाणे काही काळ सुप्त राहतात. उपट्याचे बहुधा राहत नाहीत. काढणीच्या सुमारास पाऊस लांबला, तर उपट्याच्या शेंगा जमिनीतच मोड धरतात. लवकर तयार होणाऱ्या उपट्यात पसऱ्याची ही सुप्तता उतरविणे, तीही थोड्याच दिवसांची, म्हणजे पुढील पेरणी अडणार नाही, हे उद्दिष्ट त्यामुळे पैदासकारांनी समोर ठेवले.