मुलाखत : बोलावणाऱ्याचे कर्तव्य

मुलाखतीचे शिष्टाचार आपण नेहमी उमेदवारालाच शिकवितो. वेळेपूर्वी पोहोचावे, कागदपत्रे क्रमाने लावावीत, सांगितल्यावाचून बसू नये. आपल्या वसतिगृहातही आम्ही हेच शिकविले. आता मात्र आपले अनेक माजी विद्यार्थी टेबलाच्या पलीकडे, निवड समितीत बसू लागले आहेत. म्हणून येथे बोलावणाऱ्याच्या कर्तव्याचा विचार करावयाचा आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही एका शिक्षणसंस्थेत मुलाखतीस गेलो होतो. पत्रात सकाळी दहाची वेळ होती. पहाटेच्या एसटीने निघून राजापेठेत उतरलो. एका जागेसाठी चाळीस जण व्हरांड्यात बसलेले, आणि सर्वांना वेळ तीच, दहाची! समिती आली दुपारी तीनला. आमच्या वाट्याला तीन प्रश्न आले : नाव, गाव आणि आडनावाविषयी एक चौकशी, जिचा इतिहासाच्या अध्यापनाशी काही संबंध नव्हता. नंतर 'कळवू' एवढेच उत्तर. जाण्यायेण्याचे भाडे आणि वडिलांची त्या दिवसाची मजुरी यांत फारसे अंतर नव्हते.

हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. हरियाणा लोकसेवा आयोगाने एकदा ६१ जागांसाठी १३०० हून अधिक उमेदवार बोलावले. मुलाखती जवळजवळ सहा महिने चालल्या. अशोककुमार यादव खटल्यात, १९८५ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट उमेदवार बोलवावेत. गर्दी केली की मुलाखत वरवरची होते आणि मनमानीस वाव मिळतो. त्यापूर्वी अजय हासिया खटल्यात श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाच्या मुलाखती न्यायालयापुढे आल्या होत्या. प्रत्येकी दोन-तीन मिनिटांची ती मुलाखत, आणि तिला एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण! न्यायालयाने ती पद्धत अमान्य केली. उमेदवाराला दिलेला वेळ हा न्यायाचाच भाग आहे, हे आम्ही या दोन निकालांवरून समजतो.

व्यवहारात हे कठीण नाही. उमेदवारांना गटागटाने वेगवेगळी वेळ द्यावी. धारणीहून येणाऱ्यास सकाळी नऊला बोलावणे म्हणजे त्याच्यावर आदल्या रात्रीचा अमरावतीतील मुक्काम लादणे होय. त्याला दुपार द्यावी. रेल्वे भरती मंडळे अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना परीक्षेसाठी मोफत प्रवासाची सवलत देतात. लहान संस्थेला तेवढे जमणार नाही, पण उशीर होणार असल्यास तसे सांगणे व पाणी विचारणे जमते. जागा आधीच ठरली असेल तर मुलाखतीचा देखावा करून कोणास बोलावूच नये.

आणि निवड न झालेल्यांनाही कळवावे. पूर्वी त्यास एक पोस्टकार्ड पुरे होते, आता मोबाईलवरील एक ओळ पुरते. त्या संस्थेच्या पत्राची वाट आम्ही दिवाळीपर्यंत पाहिली. त्या आशेवर दुसऱ्या एका शाळेतील जागेसाठी अर्ज करावयाचा राहून गेला, आणि पुढचे वर्ष शिकवण्यांवर काढावे लागले.